काकू, टी-रेगची ट्रीटमेंट येईपर्यंत मेथोट्रेक्सेट बंद ठेवू का?

या वेळचं पत्र बडोद्यातूनच आलंय, कारेलीबागेतून. बरंच लांब आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं देते.

"काकू, मी ३४ वर्षांची, मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या जन्मानंतर सात-आठ महिन्यांनी माझी बोटं सकाळी आखडायला लागली, मग मनगटं सुजली, तपासण्या केल्या तर रुमेटॉइड आर्थ्रायटिस (आरए, एक प्रकारचा संधिवात) निघाला. अडीच वर्षं मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदा. दुसऱ्या दिवशी मळमळतं, केसही गळतात. नोबेलची बातमी वाचल्यापासून डोक्यात तेच चालू आहे की टी-रेग पेशींमुळे आमच्यासारख्यांचे आजार बरे होणार. कमाटीबागेत चालायला येणाऱ्या एका बेननी एका क्लिनिकचा नंबर दिला. ते पोटाच्या चरबीतून पेशी काढतात, 'टी-रेग वाढवून' त्याच दुपारी परत सोडतात, तीन सिटिंग, साडेचार लाख, आणि त्याआधी महिनाभर मेथोट्रेक्सेट बंद करायला सांगतात. मुलीच्या नावाची एफडी मोडावी का? सासूबाई म्हणतात गुळवेल घे, इम्युनिटी वाढेल. आणि आम्हाला दुसरं मूल हवंय. खूप थकलेय काकू. काय करू?"

अगं, आधी उत्तर देते म्हणजे आज रात्री नीट झोपशील. एफडी मोडू नकोस. त्या क्लिनिकला अ‍ॅडव्हान्सचा एक रुपयासुद्धा देऊ नकोस. आणि मेथोट्रेक्सेट कुणाच्या फोनवरच्या सांगण्यावरून बंद करू नकोस, बंद करायचं का ते तुझे रुमॅटॉलॉजिस्ट ठरवतील. फक्त पाळी चुकली असेल तर मात्र पुढचा डोस न घेता त्याच दिवशी त्यांना फोन कर, त्याबद्दल खाली लिहितेच.

आता सावकाश बोलू. कारण तू वाचलेली बातमी खोटी नाहीये, आणि "असलं काही नसतं" म्हणून तुला वाटेला लावणं मला पटत नाही. मी इतकी वर्षं कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवली, ६ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी नोबेल जाहीर झालं तेव्हा कोजागिरी होती, संध्याकाळचं दूध आटवायला ठेवलं होतं आणि मी गॅसजवळच उभी राहून फोनवर बातमी वाचत होते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची. मी शिकवायला लागले तेव्हा ज्या विषयाकडे लोक पाठ फिरवून बसले होते त्याच विषयाला हे बक्षीस.

झालं होतं असं की १९७० च्या दशकात "सप्रेसर टी सेल" नावाची एक कल्पना फार जोरात होती, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला आवर घालणाऱ्या काही पेशी असणार. पण पुरावे टिकले नाहीत, कल्पना बदनाम झाली आणि त्यावर काम करतो म्हणणाऱ्याला कुणी गंभीरपणे घेईना. साकागुची मात्र एकाच प्रयोगाला चिकटून राहिले. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, टी पेशी म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, त्यांचं ट्रेनिंग तिथे होतं. उंदराच्या पिल्लाची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर काय व्हायला हवं? टी पेशी कमी, म्हणजे संरक्षण दुबळं, बरोबर ना? पण झालं उलटंच, त्या पिल्लांची संरक्षण यंत्रणा त्यांच्याच थायरॉइडवर, त्यांच्याच अंडाशयावर तुटून पडली. आणि निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या की हे सगळं थांबायचं. म्हणजे टी पेशींमध्ये मारणारे आहेत तसे थांबवणारेही आहेत. हे थांबवणारे नेमके कोण, ते ओळखायच्या खुणेसकट साकागुचींनी १९९५ साली मांडलं, त्या पेशींच्या अंगावर सीडी-२५ नावाचं प्रथिन असतं.

दुसरी बाजू अमेरिकेतली. तिथे १९४० च्या दशकात एका सरकारी लॅबमध्ये उंदरांची एक जात आपोआप निपजली होती, नर पिल्लांची कातडी खवल्यांसारखी सोलायची, प्लीहा सुजायची आणि काही आठवड्यांत ती मरायची. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी त्यामागचं जीन शोधायला घेतलं, शोधत शोधत २० संशयित जीन्सपर्यंत आले आणि एकेक तपासताना बिघाड सापडला तो शेवटच्या, विसाव्या जीनमध्ये! त्याचं नाव फॉक्स-पी-थ्री. २००१ मध्ये हे छापून आलं, आणि माणसांतही हेच जीन बिघडलं तर लहान मुलग्यांना आयपेक्स नावाचा भयंकर ऑटोइम्यून (संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार होतो हेही कळलं. दोन वर्षांनी धागे जुळले, साकागुचींच्या थांबवणाऱ्या पेशी घडवतं ते हेच जीन. त्याच आपल्या रेग्युलेटरी टी पेशी, टी-रेग.

त्या काम कसं करतात हे समजून घे, म्हणजे कुणीही "टी-रेग वाढवून देतो" म्हटलं की त्याला काय विचारायचं ते तुला कळेल. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात एकदा रात्री "चोर चोर" असा ओरडा झाला, पोरं काठ्या घेऊन धावली, आणि ज्याला धरलं तो वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूचा भाऊ निघाला, उशिराच्या गाडीनं आलेला. मार बसणारच होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा बाहेर आले आणि म्हणाले थांबा, हा आपल्यातला आहे. बस. टी-रेग म्हणजे ते आजोबा. पोरं वाईट नव्हती, खरा चोर आला असता तर तीच उपयोगी पडली असती. तुझ्या सांध्यांत काठ्या घेतलेली पोरं आहेत आणि आजोबांचं कुणी ऐकत नाहीये, किंवा आजोबा पुरेसे नाहीत.

पेशींना बोलता येत नाही, त्यांची तऱ्हा वेगळी. एक तर त्या शांत करणारी रसायनं सोडतात. दुसरं मला फार आवडतं, वर्गात मी ते पंगतीचं उदाहरण देऊन सांगायचे. भांडणाऱ्या टी पेशींना वाढायला आयएल-२ नावाचं खाद्य लागतं, आणि टी-रेगच्या अंगावरचं ते सीडी-२५ म्हणजे नेमकं आयएल-२ पकडायचंच साधन. पंगतीच्या पहिल्या टोकाला बसलेल्यांनी श्रीखंडाचं पातेलंच रिकामं केलं की पुढच्यांच्या पानात काय पडणार? भांडखोर पेशी उपाशी राहतात आणि गप्प बसतात. रक्तात या पेशी किती, तर सीडी-४ जातीच्या टी पेशींमध्ये १०० पैकी पाच ते दहा, इतक्या थोड्यांवर सगळा कारभार.

आणि एक गोष्ट खास तुझी. तुझा आजार बाळंतपणानंतर सुरू झाला. गरोदरपणात बाईच्या शरीरात टी-रेग वाढतात, कारण पोटातल्या बाळात अर्धा वाटा बापाचा असतो, संरक्षण यंत्रणेच्या हिशेबानं ते परकंच, त्याला सांभाळून घ्यायला आजोबांची संख्या वाढवावी लागते. बाळंतपणानंतर हे सगळं पुन्हा खाली येतं. टी-रेग हे त्यातलं एकच कारण, हार्मोन्सही असतात, पण आरए असलेल्या बऱ्याच जणींचं दुखणं दिवस गेल्यावर कमी होतं आणि बाळंतपणानंतर उसळतं, काहींचं तर सुरूच तेव्हा होतं. तू लिहिलंयस की "माझं काय चुकलं, आराम केला नाही म्हणून झालं का". नाही गं. काहीही चुकलं नाही तुझं.

गरोदरपणात सांधे बरे होतात हे ज्यांनी नीट बघितलं त्यात अमेरिकेच्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच होते. त्यांना वाटलं शरीरातच असं काहीतरी आहे जे हा आजार शमवतं, ते शोधता शोधता १९४८ मध्ये आरएच्या एका पेशंटला कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० साली नोबेल. सगळीकडे चमत्कार म्हणून गाजलं. मग पुढच्या वर्षांत कळत गेलं की मोठ्या डोसनं तेच औषध फार काळ दिलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, जंतूंना रान मोकळं होतं. आजही स्टेरॉइड लागतं, जीव वाचवतं, तुझ्या डॉक्टरांनी थोडे दिवस छोटा डोस दिला तर घाबरू नकोस. पण नोबेल मिळालं तेव्हा ते कसं, किती, किती दिवस वापरायचं हे शिकायचं बाकीच होतं.

हे सगळं मी का सांगतेय, तर माझ्या मोठ्या मावशीमुळे. तिलाही हाच आजार. १९८० च्या दशकातली गोष्ट, बाहेरगावचा एक माणूस पुड्या द्यायचा, पांढरी पावडर, मधातून चाटायची, "एकदम आयुर्वेदिक". पंधरा दिवसांत मावशी मोदकांच्या कळ्या पाडायला बसली. आम्ही सगळे किती खूश झालो होतो. तिचा चेहरा गोल झाला तेव्हा आम्ही म्हणालो, चला, अंगी लागलं. दीड वर्षानं तिनं नुसती पाण्याची बादली उचलली आणि पाठीचा मणका दबला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो गोल चेहरा बघितला, हातावरचे निळे डाग बघितले, कागदासारखी पातळ झालेली कातडी बघितली आणि विचारलं, पुडी कुठली खाताय? स्टेरॉइड होतं त्यात. घरी येऊन काकांनी रागाच्या भरात सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या, आणि एकदम बंद झाल्यामुळे तिचं बीपी इतकं खाली गेलं की दोन दिवसांत पुन्हा अ‍ॅडमिट. वाचली. पण त्या दीड वर्षात दुखणं झाकलं गेलं होतं, सांध्यांची झीज आतल्या आत चालूच होती, बोटं वाकडी झाली ती कायमची. पुढे कितीतरी वर्षांनी हेंच यांचं काम शिकवता शिकवता मला एकदम जाणवलं की नोबेल मिळालेलं औषधच तर मावशीच्या पुडीत होतं, फक्त नाव नसलेलं, डोस नसलेला, लक्ष ठेवणारं कुणी नसलेलं. त्या दिवशी तास अर्धाच घेतला मी.

म्हणून तुझ्या पत्रातलं "त्याच दुपारी परत सोडतात" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

खरी टी-रेग थेरपी कशी करतात ते सांगते. रक्तातून पांढऱ्या पेशी काढतात, त्या गर्दीतून टी-रेग एकेक निवडून वेगळ्या करतात, मग निर्जंतुक लॅबमध्ये साधारण दोन आठवडे त्या वाढवतात, फॉक्स-पी-थ्री टिकलंय का, जंतू नाहीत ना, हे तपासतात आणि मग शिरेतून देतात. चरबीतून टी-रेगचं औषध एका दुपारात तयार होत नाही, होऊच शकत नाही. चरबीतून काढून देतात त्या वेगळ्याच पेशी असतात, त्यांना टी-रेगचं नाव बातमी ताजी आहे म्हणून चिकटवलंय. आणि निवड नीट झाली नाही तर त्यात काठीवाली पोरंही वाढतात, इतकंच काय, सूज असलेल्या जागी काही टी-रेग आपलं फॉक्स-पी-थ्री हरवून स्वतःच भांडखोर होऊ शकतात, हे लॅबमध्ये दिसलेलं आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ ज्या गोष्टीला घाबरून पावलं जपून टाकतात ती गोष्ट कुणी तीन सिटिंगमध्ये विकत असेल तर तिथून उठून यायचं.

खऱ्या प्रयोगांत आजवर काय दिसलं? अमेरिकेत टाइप वन डायबेटिसच्या १४ मोठ्या पेशंटना त्यांच्याच वाढवलेल्या टी-रेग दिल्या, ५० लाखांपासून २६० कोटी पेशींपर्यंत, २०१५ मध्ये निष्कर्ष आले, झेपलं त्यांना, काहींच्या रक्तात त्या पेशी वर्षभर सापडत होत्या. सगळ्यांना आनंद झाला. मग १०० हून जास्त मुलांवर रीतसर चाचणी झाली, काहींना पेशी, काहींना खोटं औषध, २०२४ मध्ये छापून आलं, आणि पेशी देऊनही स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची ताकद घसरायची ती घसरलीच. धोका दिसला नाही पण फायदाही नाही. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या अकराव्या वर्षापासून टाइप वन आहे, त्यामुळे ती बातमी वाचून मी दिवसभर गप्प होते, लपवत नाही.

पण त्या अपयशातून एक गोष्ट कळते. सगळ्या गावातले आजोबा गोळा करून शहरभर सोडले तर उपयोग नाही, ज्या वाड्यात भांडण आहे तिथेच ते पोचले पाहिजेत. म्हणून आता टी-रेगला पत्ता देण्याचं काम चाललंय, जीनमध्ये बदल करून त्यांच्या अंगावर असा रिसेप्टर बसवायचा जो फक्त आजारी जागेला चिकटेल. तुझ्या रिपोर्टमध्ये अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह लिहिलंयस ना? ती तपासणी बघते की सांध्यांतल्या सिट्रुलिन झालेल्या, म्हणजे रासायनिकदृष्ट्या थोड्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध तुझ्या शरीरानं अँटीबॉडीज बनवल्यात का. रॅम्सडेल ज्या सोनोमा बायोथेरप्युटिक्स कंपनीच्या संस्थापकांपैकी आहेत तिने आरएसाठी बनवलेल्या टी-रेग नेमक्या अशाच सिट्रुलिनवाल्या प्रथिनांचा पत्ता शोधतात. म्हणजे जे प्रथिन आज तुझ्या रिपोर्टवर आजाराची खूण आहे तेच त्या पेशींना दार दाखवणार. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या, इतकं सुंदर आहे ते. पण ते पहिल्या टप्प्यात आहे, म्हणजे थोड्या पेशंटवर, मुख्य प्रश्न हाच की झेपतं का.

एक गोंधळ अजून होतो तो सांगून टाकते. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या पेशंटना कार-टी पेशी (जीन बदलून ठरावीक लक्ष्य दिलेल्या टी पेशी) देऊन आजार शांत केला, औषधंसुद्धा बंद करता आली, ते खरं आहे. पण त्या टी-रेग नव्हेत, त्या मारणाऱ्या टी पेशी, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचा सफाया करणाऱ्या. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी, संधिवातासाठी नव्हे, आणि तिचा खर्च ३०-४० लाखांच्या घरात. त्या क्लिनिकच्या पॅम्फ्लेटवर या सगळ्याचे फोटो एकत्र छापलेत असं तू लिहिलंयस म्हणून वेगवेगळं करून सांगितलं.

उद्या कुणी म्हणालं की आमच्याकडे ट्रायल चालू आहे, तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा नंबर माग. भारतात होणाऱ्या औषधांच्या चाचण्या तिथे नोंदवाव्या लागतात, २००९ पासून ते सक्तीचं आहे, साइट सगळ्यांना खुली आहे आणि नंबर टाकून तुझ्या फोनवर दोन मिनिटांत बघता येतं. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी पेशंटला द्यायच्या तर केंद्राच्या औषध नियंत्रकाची परवानगी लागते, एथिक्स कमिटी लागते, तुला समजेल त्या भाषेत संमतीपत्र लागतं. आणि चाचणीत अजून सिद्ध न झालेल्या उपचाराचे पेशंटकडून पैसे घेत नाहीत गं, उलट त्या चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांनी द्यायची असते. साडेचार लाख आधी भरा म्हणणारी ट्रायल नसते. त्या बेनवर रागावू नकोस हं, त्यांनी मायेनंच नंबर दिला असणार, त्यांनाही हे सगळं सांग.

आता गुळवेल. सासूबाईंच्या काळजीला नमस्कार, पण "इम्युनिटी वाढवणं" हे शब्द करोनापासून आपल्या घराघरांत घुसलेत आणि तुझ्यासारख्यांच्या बाबतीत ते उलटे पडतात. तुझी इम्युनिटी कमी नाहीये, ती चुकीच्या माणसाला मारतेय, तिला आणखी काठ्या कशाला द्यायच्या? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या काही पेशंटबद्दल लिहिलं होतं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला, पण तू मेथोट्रेक्सेट घेतेस, त्याचाही भार यकृतावरच असतो, म्हणून तुला माझं स्पष्ट नाही. सासूबाईंना म्हणावं हळदीची भाजी करा, मेथीचे लाडू करा, प्रेमानं खाईन, काढे नको. टी-रेगच वाढवत बसणं हेही चांगलं नाही बरं का, कॅन्सरच्या गाठी याच पेशींच्या आड लपतात, म्हणजे आजोबा जास्त झाले तर खऱ्या चोरालाही "आपल्यातला आहे" म्हणून सोडतात. तोल हवा, आणि तो चमचा-चमचा चूर्णानं मोजता येत नाही.

मेथोट्रेक्सेटचा त्रास मात्र मुकाट्यानं सोसू नकोस, तू अडीच वर्षं डॉक्टरांना मळमळ सांगितलीच नाहीस हे वाचून मला वाईट वाटलं. फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे ना, किती आणि कोणत्या दिवशी ते त्यांना विचार, रात्री जेवणानंतर घेऊन बघायचं का, डोस विभागून द्यायचा का, गोळीऐवजी पोटावर टोचायचं इंजेक्शन चालेल का, बऱ्याच जणींना इंजेक्शननं मळमळ कमी होते. केसांचंही सांग, लाजू नकोस. आणि आठवड्यातून एकदाच म्हणजे एकदाच, वार कॅलेंडरवर लाल पेननं लिही आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही दाखवून ठेव, चुकून रोज घेतल्यानं लोकांचे जीव गेलेत. सीबीसी आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नकोस, ताप आला तर लगेच कळव. यानंही आटोक्यात नाही आलं तर पुढची औषधं आहेत, बायोलॉजिकची इंजेक्शनं आहेत, त्याआधी टीबी तपासतात, म्हणजे तू आणि साडेचार लाखांचं क्लिनिक यांच्यामध्ये रिकामं मैदान नाहीये.

हे एवढं जीव तोडून सांगतेय कारण आरएमध्ये हाडाला जी खाच पडते ती पुढे कितीही भारी पेशी आल्या तरी त्या भरून देतील असं समजून चालता येत नाही. टी-रेग भांडण थांबवतील, मोडलेली भिंत बांधणार नाहीत. तुझं वय ३४ आहे. ती ट्रीटमेंट जेव्हा खरंच येईल तेव्हा तिच्या हातात द्यायला तुझे सांधे शाबूत असले पाहिजेत. मावशीच्या नशिबात ते नव्हतं.

दुसऱ्या मुलाचं अगदी शक्य आहे, आनंदानं विचार करा. पण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, म्हणून दिवस जाऊ द्यायच्या साधारण ३ महिने आधी ते थांबवून गरोदरपणात चालणारी औषधं सुरू करतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, सल्फासॅलाझिन वगैरे, तोवर गर्भनिरोधक नीट वापरायचं. हे डॉक्टरांशी ठरवून करायचं, आणि बाळंतपणानंतरच्या उसळीची तयारीही आधीच ठेवायची, या वेळी तुला ती अचानक गाठणार नाही. मुलीला होईल का, तर घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण आरए असलेल्या बहुतेक आयांच्या मुलांना तो होत नाही. अहो घरात सिगरेट ओढतात असं ओझरतं लिहिलंयस, ती बंद करायला माझं नाव घेऊन सांग, तंबाखूचा धूर आणि अँटी-सीसीपीवाला आरए यांचं नातं फार जुनं आणि पक्कं आहे. एफडी न मोडता करण्यासारखं हे त्यांच्या हातातलं मोठं काम.

पुढच्या गुरुवारी तुझी ओपीडी आहे ना. आजपासून रोज सकाळी उठल्यावर बोटं किती मिनिटं आखडलेली असतात ते घड्याळ बघून वहीत लिही, सुजलेल्या सांध्यांचे फोटो काढ, मळमळ कोणत्या वारी कधी सुरू होते कधी थांबते तेही लिही. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, क्लिनिकचं ते पॅम्फ्लेटही बरोबर ने आणि डॉक्टरांसमोर उघडून ठेव. मुलीला त्या दिवशी कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असेल तर मला कळव, दांडिया बाजार लांब नाही, माझ्याकडे सोड, मी भाखरी-गूळ खाऊ घालून सांभाळीन तिला. आणि डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही, मी वाट बघते.

— तुझी काकू